आयनिक द्रवांची हाताळणी: जे उडून जात नाही, ते राहतं कुठे?

बाटली उघडली, हळूच हुंगून पाहिली, काहीच वास आला नाही आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला. आयनिक द्रव पहिल्यांदा हातात घेणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. प्रयोगशाळेत कुठलीही बाटली हुंगणं चूकच, पण सवयीपुढे शहाणपण चालत नाही. ईथर, अ‍ॅसिटोन, क्लोरोफॉर्म यांच्या संगतीत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात धोका म्हणजे वाफ आणि वाफ म्हणजे वास असं समीकरण पक्कं बसलेलं असतं. त्यात या द्रवांना ‘हरित विद्रावक’ असं बिरुद मिळालेलं, मग विचारायलाच नको.

अ‍ॅसिटोनचा थेंब टेबलावर सांडला तर मिनिटाभरात नाहीसा होतो. आयनिक द्रवाचा थेंब उद्याही तिथेच असतो, परवाही. हातमोज्याच्या बोटावर, तराजूच्या सरकत्या दारावर, नळाच्या तोटीवर, खिशातल्या फोनवर. तो नाकात जात नाही हे खरं, पण त्यामुळेच तो सगळीकडे राहतो. शिवाय तो स्वतः उडत नसला, तरी पाणी, आम्ल किंवा उष्णता लागून त्याचे तुकडे पडले की ते तुकडे मात्र उडतात आणि मूळ द्रवापेक्षा कितीतरी जहाल असू शकतात. पुढे जे काही लिहिलं आहे ते या दोन गोष्टींतूनच निघतं.

पहिली पायरी: बाटलीत नक्की काय आहे ते पूर्ण नावानिशी लिहा

१०० अंश सेल्सिअसच्या खाली वितळणारं लवण म्हणजे आयनिक द्रव. आपलं रोजचं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, कारण छोटे, गोल आयन स्फटिकात घट्ट बसतात. त्याऐवजी मोठे, बेढब, एकमेकांत नीट न बसणारे आयन घेतले की स्फटिकाची पकड ढिली पडते आणि द्रवणांक घसरतो. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथाइलअमोनियम नायट्रेटचं वर्णन केलं, ते १२ अंशांच्या आसपासच वितळतं. पुढे क्लोरोअ‍ॅल्युमिनेट आले, पण ते दमट हवेतही टिकत नसत. हवापाण्यात बऱ्यापैकी टिकणारे इमिडाझोलियम द्रव विल्क्स आणि झावोरोत्को यांनी १९९२ मध्ये बनवले आणि तिथून हा विषय फोफावला.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की ‘आयनिक द्रव’ हे एका पदार्थाचं नाव नाही. ‘हे सेंद्रिय विद्रावक आहे’ असं कुणी सांगितलं तर तुम्ही लगेच ‘कोणतं?’ असं विचाराल. इथेही तोच प्रश्न हवा. बाटलीवर नुसतं ‘बीएमआयएम’ लिहिलेलं असेल तर ते अर्धं नाव झालं. १-ब्यूटिल-३-मिथिलइमिडाझोलियम हा धन आयन झाला. त्याच्या जोडीला क्लोराईड आहे, अ‍ॅसिटेट आहे, हेक्साफ्लुओरोफॉस्फेट आहे की डायसायनामाईड, यावर हातमोज्यांपासून कचऱ्याच्या बाटलीपर्यंत सगळं बदलतं. म्हणून आमच्याकडे अर्ध्या नावाची बाटली कपाटात ठेवूच देत नाहीत.

माझी पद्धत अशी: आधी ऋण आयन वाचायचा, कारण अचानक घडणारे धोके बहुतेक त्याच्याकडून येतात. मग धन आयन वाचायचा, कारण विषारीपणा आणि पाण्यातल्या जिवांवरचा परिणाम प्रामुख्याने त्याच्यामुळे ठरतो.

ऋण आयनांची ढोबळ ओळख अशी:

क्लोराईड आणि ब्रोमाईड हवेतली ओल झपाट्याने ओढतात आणि तापवल्यावर उलट्या वाटेने तुटतात (ते पुढे येईलच).

टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन फ्लुओराईड सोडू शकतात. या लेखातला सर्वांत गंभीर भाग यांचाच.

बिस्ट्रायफ्लिमाईड पाण्याला आणि उष्णतेला बराच दाद देत नाही, पण निसर्गातही तो तसाच चिवट राहतो. त्यात ट्रायफ्लुओरोमिथिल गट असल्यामुळे तो ‘कायमची रसायनं’ म्हणून बदनाम झालेल्या पीफास कुळात मोडतो.

अ‍ॅसिटेट सेल्युलोज विरघळवण्यासाठी प्रसिद्ध. तो आम्लारिधर्मी आहे, ओल शोषतो, कार्बन डायऑक्साईडही शोषतो आणि फार तापमान सोसत नाही.

नायट्रेट, डायसायनामाईड आणि पर्क्लोरेट यांच्यात ऊर्जा भरलेली असते. यांच्याकडे द्रव इंधनाच्या नजरेने बघा. ही उपमा नाही. डायसायनामाईड द्रव धूम्रमय नायट्रिक आम्लाला भिडताच ठिणगीशिवाय पेट घेतात, आणि याच गुणासाठी रॉकेट इंधन म्हणून त्यांचा अभ्यास झालेला आहे.

क्लोरोअ‍ॅल्युमिनेट पाण्याशी उसळून अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन क्लोराईडचा धूर सोडतात.

धन आयनाचा मुख्य नियम सोपा आहे. बाजूची कार्बनसाखळी जितकी लांब, तितका तो पेशीच्या पटलात सहज शिरतो आणि तितका जास्त विषारी ठरतो. डॅफ्निया नावाच्या पाणपिसवांवर आणि जिवाणूंवर केलेल्या चाचण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे इथाइलपेक्षा ब्यूटिल आणि ब्यूटिलपेक्षा ऑक्टिल जास्त जपून. ऑक्टिल-मिथिलइमिडाझोलियमची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांना हा आयन कचराभूमीलगतच्या मातीत सापडला. यकृताच्या पेशींना तो घातक ठरतो असं दिसल्यावर पित्तनलिकांच्या एका स्वप्रतिकार आजाराशी त्याचा संबंध असू शकतो, अशी मांडणी त्यांनी २०१८ मध्ये केली. ही शक्यता आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण जो पदार्थ उडत नाही तो मातीत जाऊन बसतो, हे मात्र त्यातून उघड दिसलं.

दुसरी पायरी: सुरक्षा माहितीपत्रक, पण सगळी सोळा कलमं नव्हेत

माहितीपत्रकाला सोळा विभाग असतात आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. निदान दुसरा (धोक्याचं वर्गीकरण), चौथा (प्रथमोपचार), आठवा (हातमोजे वगैरे), दहावा (स्थिरता आणि कशाशी जमत नाही) आणि तेरावा (विल्हेवाट) वाचा. ब्यूटिल-मिथिलइमिडाझोलियम क्लोराईडच्या पत्रकावर कवटीचं चिन्ह दिसतं तेव्हा मुलं चमकतात. गिळल्यास विषारी, त्वचेला आणि डोळ्यांना दाहक, जलचरांना दीर्घकाळ घातक. ‘हरित’ बिरुदाचा आणि या कवटीचा मेळ प्रत्येकाने आपला आपण घालावा.

एक सावधगिरी: ‘माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य या पत्रकांत फार वेळा येतं. याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, कुणी तपासलेलं नाही असा होतो. अशा वेळी जवळचा नातेवाईक शोधायचा, म्हणजे तोच ऋण आयन पण वेगळी साखळी, आणि त्याचे नियम एक पायरी कडक करून पाळायचे.

तिसरी पायरी: जागा आणि हातमोजे

वाफ नाही म्हणून उघड्या टेबलावर काम करायचा मोह होतो. थंड, शुद्ध, टिकाऊ द्रवाचं नुसतं वजन करायचं असेल तर एक वेळ चालेल. तापवणं, निर्वातात सुकवणं, आम्लाशी मिसळणं किंवा फ्लुओरिनयुक्त ऋण आयन असलेलं काहीही फ्यूम हूडमध्येच, म्हणजे घातक वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात. टेबलावर मागच्या बाजूला प्लॅस्टिक असलेला शोषक कागद अंथरा आणि त्यावर उथळ ट्रे ठेवा. बाटली, सिरिंज, स्पॅट्युला सगळं ट्रेच्या आत. थेंब पडला तर ट्रेमध्ये पडेल.

नायट्राईलचे पातळ हातमोजे शिंतोड्यांपुरते असतात. मी दोन जोड्या घालतो आणि वरची जोडी थेंब लागल्याचं दिसताच, आणि न दिसलं तरी ठरावीक वेळाने, बदलतो. विद्रावकात मिसळलेला आयनिक द्रव हाताळताना हातमोजे त्या विद्रावकाला पुरे पडतात का ते पाहा. डायक्लोरोमिथेन पातळ नायट्राईलमधून बघता बघता आरपार जातं आणि सोबत विरघळलेलं लवणही आत नेऊ शकतं. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला चष्मा, सिरिंजने दाब द्यायचा असेल तर वर चेहऱ्याची ढालही.

नव्या लोकांना शिकवण्यासाठी एक खेळ फार उपयोगी पडतो. ग्लिसरॉलमध्ये चिमूटभर फ्लुओरेसीन रंग घाला. ग्लिसरॉलही दाट आणि न उडणारं, त्यामुळे सराव अगदी तसाच होतो. त्याचं वजन करायला, सिरिंजने दुसऱ्या फ्लास्कमध्ये न्यायला सांगा, आणि मग दिवे मालवून निळा किंवा अतिनील दिवा फिरवा. दाराची मूठ, पेन, वही, चष्म्याची दांडी, कधी कधी गालसुद्धा चमकतो. अर्ध्या तासाचं व्याख्यान जे करत नाही ते हा दिवा एका मिनिटात करतो. त्यानंतर पेनला आणि फोनला हातमोज्याने हात लावायचा नाही हे कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: काढणं, मोजणं, ओतणं

हे द्रव दाट असतात. पाण्याची विष्यंदिता (दाटपणाचं माप) २५ अंशांना एक सेंटिपॉइझपेक्षा थोडी कमी. ब्यूटिल-मिथिलइमिडाझोलियम बिस्ट्रायफ्लिमाईडची सुमारे ५०, आणि त्याच धन आयनाच्या हेक्साफ्लुओरोफॉस्फेटची काहीशे. त्यामुळे नेहमीचा पिपेट खोटं बोलतो. निम्मा द्रव आतल्या भिंतीला चिकटून राहतो. आकारमानाऐवजी वजनाने मोजा आणि घनतेने भागा. बिस्ट्रायफ्लिमाईडची घनता सुमारे १.४४, हेक्साफ्लुओरोफॉस्फेटची १.३७, टेट्राफ्लुओरोबोरेटची १.२ ग्रॅम प्रति मिलिलीटर.

सिरिंज वापरताना खरा अपघात घडतो तो जोर लावल्यामुळे. बारीक सुई, दाट द्रव, अंगठ्याचा दाब, आणि सुई सटकून आतला माल समोरच्याच्या चष्म्यावर. फिरवून घट्ट बसणारी सुई असलेलीच सिरिंज घ्या, सुई रुंद घ्या आणि दट्ट्या हळू ओढा. तरीही द्रव येत नसेल तर जोर वाढवू नका, द्रव कोमट पाण्यात ठेवून थोडा गरम करा. पाचदहा अंशांनीही तो बराच पातळ होतो.

क्लोराईड लवणं बहुधा घट्ट असतात. ब्यूटिल-मिथिलइमिडाझोलियम क्लोराईड ७० अंशांच्या आसपास वितळतं, पण वितळल्यावर थंड होऊनही बराच वेळ द्रवच राहतं आणि मग अवचित दगडासारखं गोठतं. तो दगड स्पॅट्युलाने फोडायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. स्पॅट्युला सटकली, बाटलीचा गळा फुटला आणि विषारी लवणाने माखलेली काच हातमोज्यातून आत गेली. जखम छोटी होती, धडा मोठा. झाकण ढिलं करून बाटली गरम पाण्याच्या पात्रात ठेवा, वितळू द्या, लागेल तेवढं पटकन ओता आणि कोरड्या नायट्रोजनखाली पुन्हा बंद करा. उघडं ठेवलंत तर हवेतलं पाणी पिऊन तो काही वेळात ओला गोळा होतो.

पाचवी पायरी: पाणी काढायचं, पण कसं

आयनिक द्रव पाणी ओढतात. पाण्याशी न मिसळणारेही ओढतात, फक्त कमी. बहुतेक प्रयोगांसाठी ते सुकवावे लागतात. नेहमीची रीत म्हणजे निर्वात पंपाखाली, ६० ते ७० अंशांवर, चुंबकाने ढवळत, कित्येक तास. निर्वात एकदम पूर्ण उघडू नका. दाट द्रवात अडकलेलं पाणी आणि विद्रावक उसळून फेस करतात आणि सगळं नळीत शिरतं. फ्लास्क निम्म्याहून कमी भरा, मध्ये थंड सापळा ठेवा, दाब टप्प्याटप्प्याने उतरवा. शेवटी कार्ल फिशर अनुमापनाने पाणी मोजा. कोरडा झाला असावा हा अंदाज फार वेळा चुकतो.

मात्र फ्लुओरोबोरेट आणि फ्लुओरोफॉस्फेट यांना ही रीत जशीच्या तशी लावू नका. २००३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबिन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्यूटिल-मिथिलइमिडाझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट शुद्ध करताना त्याचं जलीय अपघटन होऊन फ्लुओराईड लवणाचे पाणीदार स्फटिक मिळाले. म्हणजे शुद्ध करायला घेतलेला पदार्थ वेगळाच होऊन बसला, आणि वाटेत हायड्रोजन फ्लुओराईड.

फ्लुओराईडवाले द्रव: इथे थांबून वाचा

टेट्राफ्लुओरोबोरेट पाण्यात नेहमीच्या तापमानालाही हळूहळू तुटतो. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट तुलनेने दम धरतो, पण आम्ल मिळालं किंवा तापमान वाढलं की तोही तुटतो. आणि लवण बनवताना उरलेलं आम्ल बऱ्याचदा त्यातच असतं. दोघांतूनही हायड्रोजन फ्लुओराईड निघतं. त्याचं पाण्यातलं द्रावण म्हणजेच हायड्रोफ्लुओरिक आम्ल, ते काच खातं आणि हाडांपर्यंत पोचतं.

ओळखण्याच्या खुणा: बाटलीचा किंवा फ्लास्कचा आतला भाग धूसर, दुधी दिसणं. झाकण उघडल्यावर झोंबणारा वास. थोडा द्रव पाण्याबरोबर हलवून त्या पाण्यात सामू-कागद बुडवला की तो लाल होणं. ही तिसरी चाचणी जुन्या बाटलीवर काम सुरू करण्याआधी दर वेळी करावी. दोन मिनिटं लागतात. आम्लधर्मी निघालेली बाटली वापरायची नाही, काच खाल्ली गेल्याची खूण शोधत बसायचं नाही, सरळ धोकादायक कचऱ्यात.

काम सुरू करण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेटची २.५ टक्के जेल हाताच्या अंतरावर हवी, आणि तिची मुदत संपलेली नको. कपाटात असणं आणि मुदतीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेल नसेल तर त्या दिवशी हे काम नाही.

त्वचेला लागल्याची नुसती शंका आली तरी कपडे, हातमोजे लगेच उतरवून वाहत्या पाण्याखाली धुवा. जेल जवळ असेल तर पाच मिनिटं धुऊन लगेच जेल लावा आणि चोळत राहा. चोळणाऱ्याने स्वतः हातमोजे घातलेले हवेत. जेल यायला वेळ असेल तर ती येईपर्यंत धुणं थांबवू नका. मग रुग्णालय, आणि तिथल्या डॉक्टरांना ‘हायड्रोफ्लुओरिक आम्ल असू शकतं’ हे शब्द स्पष्ट सांगा. माहितीपत्रकाची छापील प्रत सोबत न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. पातळ आम्लाची वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. तोवर फ्लुओराईड आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं, आणि कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते. डोळ्यात गेलं तर ही जेल डोळ्यात घालायची नाही. सतत पाण्याने धुवायचं आणि धुतच डॉक्टरांकडे न्यायचं.

हे सगळं वाचून विचार करा: याच प्रयोगाला बिस्ट्रायफ्लिमाईड चालेल का? पुष्कळदा चालतो. महाग पडतो, पर्यावरणाचा प्रश्न वेगळा आहेच, पण हेक्साफ्लुओरोफॉस्फेट निव्वळ ‘जुन्या शोधनिबंधात तोच होता’ म्हणून वापरला जात असेल तर ते कारण पुरेसं नाही.

सहावी पायरी: तापवताना

‘४०० अंशांपर्यंत स्थिर’ असं वाक्य जाहिरातीत आणि शोधनिबंधात सापडतं. हा आकडा बहुधा दर मिनिटाला १० अंशांनी तापवलेल्या काही मिलिग्रॅम नमुन्यावरून आलेला असतो. तुम्ही शंभर ग्रॅम द्रव दहा तास तापवणार आहात. संथपणे तुटण्याची क्रिया त्या घाईच्या मोजणीत दिसतच नाही. त्या आकड्यापेक्षा निदान १०० अंश खाली राहायचं, आणि हेलाइड (म्हणजे क्लोराईड, ब्रोमाईड यांसारखा ऋण आयन) किंवा अ‍ॅसिटेट असेल तर त्याहूनही खाली, हा मी स्वतःला घालून घेतलेला दंडक आहे.

इमिडाझोलियम हेलाइड तापवल्यावर ते बनवण्याची अभिक्रिया उलटी चालते. क्लोराईड आयन बाजूच्या मिथिल किंवा ब्यूटिल गटावर हल्ला करतो आणि क्लोरोमिथेन, क्लोरोब्यूटेन व इमिडाझोल सुटतात. क्लोरोमिथेन विषारी आणि ज्वलनशील वायू आहे. बंद भांड्यात तापवत असाल तर दाबही वाढत जातो. म्हणून भांडं कधीच पूर्ण बंद करू नका. वायू बाहेर जायला वाट ठेवा आणि ती वाट हूडमध्ये उघडा.

पेटत नाही हा आणखी एक समज. द्रवाची वाफ नाही म्हणून भडका उडत नाही हे बरोबर, पण तापून तुटल्यावर निघणारे वायू पेटतात, आणि मग द्रवही जळतो. २००६ मध्ये याच समजाचा समाचार घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्वलनशील आयनिक द्रवांची मोठी यादीच होती. त्याच वर्षी काही बिस्ट्रायफ्लिमाईड द्रव उच्च निर्वातात २०० ते ३०० अंशांवर चक्क ऊर्ध्वपातित करता येतात हेही दाखवलं गेलं. म्हणजे ‘अजिबात उडत नाही’ हे विधानसुद्धा नेहमीच्या परिस्थितीपुरतंच खरं.

मायक्रोवेव्हबद्दल विशेष इशारा. आयन सूक्ष्मलहरी अधाशासारख्या शोषतात. काही सेकंदांत तापमान शंभराने चढू शकतं आणि दाटपणामुळे उष्णता एका जागी कोंडते. कमी शक्ती, लहान प्रमाण, सतत ढवळणं आणि द्रवाच्या आत बसवलेला तापमापक. बाहेरून मोजणाऱ्या अवरक्त मापकावर इथे भिस्त ठेवू नका.

स्वतः द्रव बनवत असाल तर कच्चा माल जास्त घातक असतो. मिथिलइमिडाझोल त्वचा जाळतं, मिथिल आयोडाईड आणि डायमिथिल सल्फेट फार विषारी आहेत, आणि अल्किलीकरण उष्णता सोडतं. सुरुवातीला काहीच घडत नाही म्हणून सगळं एकदम ओतलं की अभिक्रिया मागाहून उसळते. थेंब थेंब, थंड ठेवून, तापमानावर नजर.

क्लोरोअ‍ॅल्युमिनेटबद्दल थोडक्यात

पूर्ण कोरडा ग्लव्हबॉक्स (बसवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायची हवाबंद पेटी) नसेल तर यांच्या वाटेला जाऊ नका. आत बनवतानाही अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड चिमटीचिमटीने घाला, मिसळताना खूप उष्णता निघते. उरलेला द्रव निकामी करताना हूडमध्ये, बर्फात ठेवलेल्या आणि ढवळत असलेल्या आयसोप्रोपेनॉलमध्ये अगदी सावकाश सोडा आणि पाणी सर्वांत शेवटी. निघणारा हायड्रोजन क्लोराईड अल्कधर्मी द्रावणात अडवा. द्रवावर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही.

सांडलं तर

पहिला धोका घसरण्याचा. तेलासारखा पसरतो आणि वाळत नाही. भोवती कुणाला येऊ देऊ नका, व्हर्मिक्युलाइट किंवा शोषक पॅड टाका, आतल्या बाजूला ओढत गोळा करा. फ्लुओराईडची शंका असेल तर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट वापरू नका, फक्त शोषक पॅड. वाळू आणि व्हर्मिक्युलाइट दोन्हींत सिलिकॉन असतं, ते हायड्रोफ्लुओरिक आम्लाशी अभिक्रिया करून विषारी वायू देतं. गोळा केल्यावर जागा पुसा: पाण्यात मिसळणाऱ्या द्रवासाठी साबणपाणी, न मिसळणाऱ्यासाठी आधी इथेनॉलचा बोळा. तीनदा, दर वेळी नवा बोळा. फरशी कोरडी दिसते की नाही यापेक्षा बोटाला चिकट लागते की नाही हे विचारा, अर्थात हातमोजा घालूनच.

फ्लुओराईड नसलेला द्रव त्वचेला लागला तर साबणपाण्याने पंधरा मिनिटं. अल्कोहोलने पुसू नका, ते त्वचेत शिरायला मदत करू शकतं. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. आग होत नसली तरीही.

काचसामान आणि कचरा

कामाचा हा टप्पा कंटाळ्याचा, आणि सर्वांत जास्त आयनिक द्रव इथेच हरवतो. फ्लास्कच्या भिंतीला लागलेला थर बेसिनमध्ये धुतला की तो गटारात. पाण्यात विरघळतो, सहज कुजत नाही, आणि लांब साखळीचा असेल तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाच मारतो. म्हणून पहिल्या तीन धुवणी, थोड्या थोड्या इथेनॉलने किंवा अ‍ॅसिटोनने, कचऱ्याच्या बाटलीत. त्यानंतरचं धुणं बेसिनमध्ये.

काचसामान नायट्रिक आम्लात किंवा पिरान्हा द्रावणात (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईडच्या मिश्रणात) भिजवण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी वर डायसायनामाईडबद्दल लिहिलेलं पुन्हा वाचावं. आयनिक द्रवाचा अंशही असलेलं भांडं तीव्र ऑक्सिडीकारक आम्लात टाकायचं नाही. हाच नियम कचऱ्याच्या बाटलीलाही: ‘आम्ल’ लिहिलेल्या बाटलीत आयनिक द्रव ओतू नका. फ्लुओरोबोरेट आम्लात गेला की हायड्रोजन फ्लुओराईड, डायसायनामाईड नायट्रिक आम्लात गेला की आग.

मी तीन बाटल्या ठेवतो: फ्लुओरिनवाल्यांची प्लॅस्टिकची, ऊर्जावाल्यांची छोटी आणि लवकर रिकामी होणारी, आणि बाकीच्यांची. प्रत्येकीवर पूर्ण नाव, अंदाजे प्रमाण, सोबतचा विद्रावक आणि तारीख. पण कचरा करण्याआधी द्रव परत मिळवता येतो का ते पाहा. उडत नाही हा गुण इथे कामी येतो: विद्रावक रोटाव्हॅपवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली विद्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) काढला की द्रव मागे उरतो. मग सिल्व्हर नायट्रेटने हेलाइड तपासा, पाणी मोजा आणि पुन्हा वापरा.

साठवण

कोरडी, अंधारी, थंड जागा आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. फ्लुओरोबोरेट आणि फ्लुओरोफॉस्फेट काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीत. अ‍ॅसिटेट नायट्रोजनखाली. ऊर्जावाले द्रव आम्लांपासून आणि ऑक्सिडीकारकांपासून वेगळ्या कपाटात, आणि थोडेच. रंग पिवळसर झाला म्हणून घाबरू नका, त्याला अगदी थोडी अशुद्धीही पुरते. आणि रंग पाण्यासारखा स्वच्छ आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका, फ्लुओराईडला रंग नसतो. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा, दर सहा महिन्यांनी सामू-कागदाची चाचणी करा आणि निकाल त्याच लेबलवर, तारखेखाली, पेन्सिलीने लिहा. शाई अ‍ॅसिटोनने पुसली जाते.